वर्गप्रतिमानातील वर्तन व क्रिया

वस्तुकेंद्री पद्धतीने संगणकीय आज्ञावलीची आखणी करताना वर्गाच्या गतिमान अंगाचे वर्णन ज्या संज्ञांनी केले जाते, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. वर्ग म्हणजे समान घडण असलेल्या वस्तूंचे सामाईक वर्णन होय. या वर्णनाला दोन अंगे असतात. वस्तूजवळ काय असते, हे स्थितिदर्शक अंग ‘गुणधर्म’ या संज्ञेने व्यक्त होते व त्याविषयी फारसा मतभेद नाही. वस्तू काय करते, या दुसऱ्या अंगासाठी मात्र वर्तन, क्रिया, कार्यरीती, संदेश, फलन, प्रक्रिया, सेवा, जबाबदारी असे अनेक शब्द रूढ आहेत आणि ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः यांतील प्रमुख संज्ञांचे अर्थ भिन्न आहेत. त्यांतील भेद केवळ शाब्दिक नसून ‘काय करावयाचे’ याचे अभिवचन आणि ‘कसे करावयाचे’ याची तरतूद यांतील भेद त्यांच्या मुळाशी आहे.

प्रस्तुत नोंदीत ऑपरेशन या मूळ संज्ञेसाठी ‘क्रिया’, मेथडसाठी ‘कार्यरीती’, बिहेविअरसाठी ‘वर्तन’ आणि पॅरामीटरसाठी ‘प्राचल’ हे शब्द वापरले आहेत. मेथडला ‘पद्धत’ असे म्हणता येईल; परंतु आखणी करण्याच्या समग्र शिस्तीलाही पद्धत असेच म्हणतात. मूळ इंग्रजीतही या एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे घोटाळा होतो. तो मराठीत टाळता येण्याजोगा आहे. त्याचप्रमाणे ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाला मराठीत ‘आत्मनिष्ठ’च्या विरुद्ध असा निश्चित अर्थ असल्यामुळे येथे ‘वस्तुकेंद्री’ हे विशेषण योजले आहे.

ऐतिहासिक आढावा : वर्ग व वस्तू या कल्पना प्रथम नॉर्वेत सिद्ध झाल्या. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-यूहान डाल (१९३१–२००२) व क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) यांनी प्रत्यक्षातील व्यवस्थांची संगणकावर अनुकृती करण्यासाठी सिम्युला ही भाषा तयार केली. तिच्या सिम्युला ६७ या आवृत्तीत वर्ग, वस्तू, उपवर्ग आणि आभासी प्रक्रिया या कल्पना आढळतात. या भाषेत वस्तूची चलपदे व तिच्या प्रक्रिया या दोहोंनाही ‘गुणधर्म’ असेच म्हणत. म्हणजे आज ज्यास क्रिया म्हणतात तिला आरंभी स्वतंत्र नाव नव्हते. वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनाच्या मूलभूत कल्पनांबद्दल डाल व न्यूगोर यांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग इत्यादींनी स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. संदेश, संदेशाचा ग्राहक आणि कार्यरीती या संज्ञा तेथून रूढ झाल्या. वस्तूला संदेश पाठवावयाचा आणि त्याला कोणत्या रीतीने प्रतिसाद द्यावयाचा ते ग्राहक वस्तूच्या वर्गाने ठरवावयाचे, अशी ही कल्पना आहे. त्याच सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू भाषेद्वारे अमूर्त आधारसामग्री-प्रकार ही कल्पना मांडली. एखादा प्रकार त्याच्या अंतर्गत मांडणीने नव्हे, तर त्यावर करता येणाऱ्या क्रियांनी ओळखावयाचा, हे तिचे सूत्र होते. ‘क्रिया’ या संज्ञेला तिचे आजचे वजन मुख्यतः या विचारधारेतून प्राप्त झाले.

पुढे प्रत्येक भाषेने आपापली परिभाषा स्वीकारली. बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रोस्ट्रूप यांनी १९७९ पासून विकसित केलेल्या आणि १९८३ मध्ये सी प्लस प्लस असे नाव मिळालेल्या भाषेत ‘सदस्य फलन’ ही संज्ञा आहे. कारण तिची जनक भाषा सी ही फलनांवर आधारलेली आहे. बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत गुणधर्म व क्रिया या दोहोंना मिळून ‘वैशिष्ट्य’ म्हणतात. जावा (१९९५) व त्यानंतरच्या सी शार्प या भाषांत ‘मेथड’ हा एकच शब्द अभिवचन व तरतूद या दोन्ही अर्थी येतो. या भाषांत अंगभाग नसलेल्या मेथडला ‘अमूर्त मेथड’ म्हणतात. प्रतिमानाच्या परिभाषेत मात्र ती केवळ क्रिया असते, तिला कार्यरीती नसते. आज्ञावलीलेखकांच्या बोलण्यात या दोन संज्ञांची जी सरमिसळ आढळते, तिचे एक प्रमुख कारण हेच आहे.

प्रतिमाने रेखाटण्याच्या पद्धतींत हा भेद १९९१ मध्ये स्पष्टपणे नोंदला गेला. जेम्स रंबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, वस्तूकडून करवून घेता येणारे कार्य ती क्रिया आणि विशिष्ट वर्गात त्या क्रियेचे झालेले कार्यान्वयन ती कार्यरीती, अशी विभागणी केली. रंबॉ, ग्रेडी बूच व ईव्हार याकॉब्सन यांच्या स्वतंत्र पद्धतींच्या एकीकरणातून एकीकृत प्रतिमान भाषा म्हणजे यूएमएल निर्माण झाली. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने ती १९९७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची दुसरी प्रमुख आवृत्ती २००५ मध्ये व २.५.१ ही आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील विवेचन प्राधान्याने या प्रमाण परिभाषेला अनुसरून आहे.

क्रिया : वर्गाच्या वस्तूंकडून मागता येईल अशा सेवेचे विधान म्हणजे क्रिया होय. क्रियेला नाव असते, प्राचले असतात, फलिताचा प्रकार असतो आणि तिच्या उपयोगावर काही शर्ती असतात. उदा., ‘बचत खाते’ या वर्गाचे खातेक्रमांक व शिल्लक हे गुणधर्म असून ‘रक्कम जमा करणे’, ‘रक्कम काढणे’ व ‘शिल्लक सांगणे’ या क्रिया आहेत. ‘रक्कम काढणे’ या क्रियेचे ‘किती रक्कम’ हे प्राचल असून क्रिया मागताना दिलेले ५०० रु. हे त्या प्राचलाचे प्रत्यक्ष मूल्य होय. प्राचल हे वर्णनाचा भाग असते, तर प्रत्यक्ष मूल्य हे प्रत्येक मागणीचा भाग असते. म्हणून या दोहोंसाठी एकच शब्द वापरणे योग्य नाही.

क्रियेचे नाव व तिच्या प्राचलांचे प्रकार यांना मिळून क्रियेची स्वाक्षरी म्हणतात. स्वाक्षरीवरून क्रिया कशी मागावी ते कळते. परंतु तिने काय साधावे ते कळत नाही. त्यासाठी पूर्वशर्त व उत्तरशर्त सांगाव्या लागतात. ‘काढावयाची रक्कम शिल्लकेपेक्षा अधिक नसावी’ ही वरील क्रियेची पूर्वशर्त, तर ‘नंतरची शिल्लक ही आधीच्या शिल्लकेतून काढलेली रक्कम वजा करून येणाऱ्या संख्येइतकी असावी’ ही उत्तरशर्त होय. पूर्वशर्त पाळण्याची जबाबदारी सेवा मागणाऱ्यावर आणि उत्तरशर्त पाळण्याची सेवा देणाऱ्यावर असते. मेयर यांनी या परस्परबंधनाला कराराची उपमा देऊन त्यावर आखणीची एक शिस्तच उभारली. अशा रीतीने पाहता स्वाक्षरी हे कराराचे केवळ शीर्षक ठरते.

क्रियांचे दोन प्रमुख प्रकार मानतात. वस्तूची अवस्था न बदलता केवळ माहिती देणारी क्रिया ही ‘पृच्छा’ आणि अवस्था बदलणारी क्रिया ही ‘आज्ञा’ होय. शिल्लक सांगणे ही पृच्छा व रक्कम काढणे ही आज्ञा आहे. एकाच क्रियेने दोन्ही कामे करू नयेत, असा मेयर यांचा आग्रह होता. कारण केवळ विचारल्याने उत्तर बदलू लागले, तर आज्ञावलीविषयी तर्क करणे दुष्कर होते. यूएमएलमध्येही अवस्था न बदलणारी क्रिया तशी नमूद करण्याची सोय आहे.

कार्यरीती : क्रिया पार पाडण्यासाठी विशिष्ट वर्गाने केलेली तरतूद म्हणजे कार्यरीती होय. एका क्रियेला निरनिराळ्या वर्गांत निरनिराळ्या कार्यरीती असू शकतात. ‘व्याज आकारणे’ ही क्रिया ‘खाते’ या सर्वसाधारण वर्गात नमूद केली, तरी बचत खात्यात व मुदत ठेवीत ती वेगवेगळ्या गणिताने पार पडते. येथे क्रिया एक आणि कार्यरीती दोन आहेत. ‘खाते’ या वर्गात तिची कोणतीच कार्यरीती दिली नसेल, तर त्या वर्गाच्या दृष्टीने ती अमूर्त क्रिया ठरते. सेवा मागणाऱ्याला समोरची वस्तू कोणत्या उपवर्गाची आहे, हे ठाऊक असण्याची गरज नसते. योग्य कार्यरीतीची निवड आज्ञावली चालू असताना होते. या निवडीस गतिक बंधन व तिच्यामुळे लाभणाऱ्या सोयीस बहुरूपता म्हणतात. क्रिया व कार्यरीती यांना एकच मानल्यास बहुरूपतेची व्याख्याच करता येत नाही, यावरून या भेदाचे महत्त्व ध्यानात येईल.

मूळ वर्गातील कार्यरीतीच्या जागी उपवर्गाने त्याच क्रियेसाठी नवी कार्यरीती देणे, यास पुनर्व्याख्या म्हणावे. याउलट नाव तेच, पण प्राचले भिन्न असतील, तर त्या वेगवेगळ्या क्रियाच होत. त्यांत केवळ नावाची पुनरावृत्ती असते. या दोन गोष्टी वरकरणी सारख्या दिसत असल्या, तरी पहिलीत क्रिया एकच राहते व दुसरीत क्रियांची संख्या वाढते.

संदेश व पाचारण : क्रिया ही वर्गाच्या वर्णनात कायम असते, संदेश मात्र प्रसंगी घडतो. एका वस्तूने दुसऱ्या वस्तूकडे विशिष्ट वेळी, विशिष्ट मूल्यांसह केलेली मागणी म्हणजे संदेश होय आणि त्यामुळे कार्यरीती सुरू होणे यास क्रियेचे पाचारण म्हणतात. एकाच क्रियेसाठी दिवसभरात हजारो संदेश येऊ शकतात. म्हणून ‘या वर्गाला तीन संदेश आहेत’ असे न म्हणता ‘या वर्गाच्या तीन क्रिया आहेत’ असे म्हणणे अचूक ठरते. स्मॉलटॉकमध्ये संदेश आल्यावर ग्राहकाच्या वर्गात त्या नावाच्या कार्यरीतीचा शोध घेतला जातो. ती न आढळल्यास क्रमाने वरच्या वर्गांत शोध चालतो आणि कोठेच न आढळल्यास संदेश समजला नसल्याचे कळविले जाते. संदेश पाठविणे व कार्यरीती सुरू होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, हे यावरून स्पष्ट होते. उत्तराची वाट न पाहता पाठविलेल्या सूचनेस यूएमएलमध्ये ‘संकेत’ या अर्थाची निराळी संज्ञा असून असा संकेत स्वीकारण्याची वर्गाची तयारी ही क्रियेहून वेगळी नोंदविली जाते.

वर्तन : ही संज्ञा दोन अर्थांनी येते. व्यापक अर्थाने वस्तूच्या गतिमान अंगाचा, म्हणजे कालानुसार होणाऱ्या अवस्थांतरांचा व प्रतिसादांचा समुच्चय म्हणजे वर्तन. या अर्थी वर्तन हे समूहवाचक नाम असून ‘बचत खात्याचे वर्तन’ असा एकवचनी प्रयोग योग्य होय. संकुचित अर्थाने, यूएमएलमध्ये, संबंधित वर्गाच्या वस्तूची अवस्था कालानुसार कशी बदलते याचे स्वतंत्रपणे मांडलेले वर्णन म्हणजे एक वर्तन. ते कार्यक्रमदर्शक आकृतीने, अवस्थायंत्राने, वस्तूंमधील संवादाच्या आकृतीने किंवा थेट एखाद्या भाषेतील आज्ञांनी देता येते. एखाद्या क्रियेची कार्यरीती हे असे एक वर्तन असते. परंतु प्रत्येक वर्तन ही कार्यरीती नसते. उदा., खाते उघडल्यापासून बंद होईपर्यंत ‘चालू’, ‘गोठविलेले’, ‘निष्क्रिय’ व ‘बंद’ या अवस्थांतून कसे जाते, हे दर्शविणारे अवस्थायंत्र संपूर्ण वर्गाचे वर्तन सांगते. ते कोणत्याही एका क्रियेची कार्यरीती नव्हे. गोठविलेल्या खात्यातून रक्कम काढता येत नाही, ही गोष्ट केवळ क्रियांच्या यादीवरून उमगत नाही.

वर्गाची आकृती तीन कप्प्यांच्या चौकटीने काढतात. वरच्या कप्प्यात नाव, मधल्यात गुणधर्म व खालच्यात क्रिया असतात. या खालच्या कप्प्याला अनेक पाठ्यपुस्तकांत ‘वर्तन’ किंवा ‘मेथड’ असे नाव दिलेले आढळते. ही दोन्ही नावे सैल आहेत. तेथे स्वाक्षऱ्या लिहिलेल्या असतात. अवस्थांतरे नसतात किंवा कार्यान्वयनाचा तपशीलही नसतो. म्हणून त्यास ‘क्रियांचा कप्पा’ म्हणणेच युक्त होय. क्रियेच्या आधी लिहिलेली अधिक, वजा इ. चिन्हे ती क्रिया कोणाला उपलब्ध आहे ते दर्शवितात. अमूर्त क्रियेचे नाव तिरप्या अक्षरांत लिहितात, तर वस्तूशी नव्हे तर खुद्द वर्गाशी निगडित असलेली क्रिया अधोरेखित करतात.

जबाबदारी : आखणीच्या आरंभी क्रियांचा तपशील ठरलेला नसतो. त्या टप्प्यावर वर्गाने काय जाणावे व काय करावे, याचे ढोबळ विधान करतात. त्यास जबाबदारी म्हणतात. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या रीतीत प्रत्येक वर्गासाठी एक पत्रक घेऊन त्यावर वर्गाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या व सहकारी वर्ग लिहितात. एका जबाबदारीतून पुढे अनेक क्रिया निघू शकतात. तसेच एक जबाबदारी अनेक वर्गांच्या सहकार्यानेही पार पडते. ‘खात्याचा हिशेब अचूक ठेवणे’ ही जबाबदारी होय, क्रिया नव्हे.

वारसा व करारपालन : उपवर्गाला मूळ वर्गाकडून क्रिया वारशाने मिळतात, कार्यरीती मिळतात किंवा बदलता येतात. मात्र कार्यरीती बदलताना क्रियेचा करार मोडता कामा नये. लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह अधिक काटेकोर केलेल्या तत्त्वानुसार, जेथे मूळ प्रकारची वस्तू चालते तेथे उपप्रकाराची वस्तू ठेवल्यास सेवा मागणाऱ्याच्या अपेक्षांना बाध येऊ नये. म्हणजे उपवर्गाने पूर्वशर्त अधिक कडक करू नये व उत्तरशर्त शिथिल करू नये. मुदत ठेव हा ‘खाते’ या वर्गाचा उपवर्ग मानला आणि ‘केव्हाही रक्कम काढता येते’ असे ‘खाते’ या वर्गाचे अभिवचन असले, तर मुदत संपेपर्यंत रक्कम न देणारी ठेव हा करार मोडते. येथे स्वाक्षरी तंतोतंत जुळते, भाषांतरक आज्ञावलीही आक्षेप घेत नाही. तरीही प्रतिमान चुकीचे असते. दोष कार्यरीतीत नसून क्रियेच्या विधानात आहे, हे ओळखण्यासाठी या दोन संज्ञा वेगळ्या असाव्या लागतात. ‘रक्कम काढणे’ ही क्रिया केवळ मागणी-खात्यांच्या वर्गात ठेवणे, हा येथील उपाय होय.

परिभाषेचे व्यावहारिक महत्त्व : अभिवचन अव्यक्त राहिल्यास काय घडू शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अवकाशविज्ञानात आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून सोडलेले एरियान ५ हे अग्निबाण-वाहन पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत मार्गभ्रष्ट होऊन नष्ट झाले व त्यावरील क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गमावले गेले. चौकशीत असे दिसून आले की, एरियान ४ वाहनासाठी लिहिलेला दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा भाग जसाच्या तसा वापरला होता. त्यात क्षितिजसमांतर वेगाशी संबंधित असलेल्या ६४ बिटी संख्येचे १६ बिटी पूर्णांकात रूपांतर होत असे. एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर ही संख्या मर्यादेत राही. एरियान ५ च्या मार्गावर ती मर्यादेबाहेर गेली. मुख्य व राखीव या दोन्ही यंत्रणांत तीच आज्ञावली असल्यामुळे दोन्ही बंद पडल्या. हे रूपांतर ज्या कार्याचा भाग होते, त्याचा उड्डाणानंतर एरियान ५ ला उपयोगही नव्हता.

ही आज्ञावली एडा भाषेत होती व ती वस्तुकेंद्री प्रतिमानातून निर्माण झालेली नव्हती. तथापि तिच्यापासून मिळणारा धडा येथे लागू पडतो. मेयर व झां-मार्क झेझेकेल यांनी १९९७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, पुनर्वापर केलेल्या भागाची पूर्वशर्त त्याच्या दर्शनी वर्णनात नमूद नव्हती. ती एरियान ४ च्या आखणीकारांच्या गृहीतकांत व अंतर्गत दस्तऐवजांत राहिली. या नोंदीतील परिभाषेत सांगावयाचे, तर एरियान ५ कडे कार्यरीती पोहोचली, पण क्रियेचे पूर्ण विधान पोहोचले नाही. करार लिहिला असता, तरी तो तपासण्याचे काम उरलेच असते, असे या मतावरील आक्षेपकांनी म्हटले आहे. हा आक्षेप रास्त आहे. मात्र जे लिहिलेलेच नाही, ते तपासण्याची शक्यताही उरत नाही.

नामकरण : क्रियेचे नाव तिच्या प्रकाराशी जुळणारे असावे. आज्ञेला क्रियापदाचे व पृच्छेला नामाचे रूप देण्याचा संकेत उपयुक्त ठरला आहे. मराठीत प्रतिमान लिहिताना आज्ञेसाठी ‘रक्कम काढ’ असे आज्ञार्थी रूप व पृच्छेसाठी ‘शिल्लक’ असे नाम घेतल्यास नावावरूनच क्रियेचा परिणाम कळतो. नावात कार्यरीतीचा तपशील आणू नये. ‘खातेवहीतून शोधून शिल्लक देणे’ असे नाव दिल्यास खातेवहीची जागा संगणकीय संचाने घेताच ते खोटे ठरते. शिल्लक साठविलेली आहे की प्रत्येक वेळी मोजली जाते, हे सेवा मागणाऱ्याला कळण्याचे कारण नाही. गणितातील फलन समान मूल्यांना नेहमी समान उत्तर देते; क्रियेचे उत्तर वस्तूच्या अवस्थेवरही अवलंबून असते. त्यामुळे प्रतिमानात क्रियेस ‘फलन’ म्हणणे शक्यतो टाळावे. प्रत्यक्ष भाषेत लिहिताना मात्र त्या त्या भाषेची रूढ संज्ञा वापरणेच इष्ट असते.

सारांश, जबाबदारी वर्गाचे प्रयोजन सांगते, क्रिया त्याचे अभिवचन सांगते, कार्यरीती ते पाळण्याची तरतूद करते, संदेश ते प्रसंगी मागतो आणि या सर्वांतून कालक्रमाने जे घडते ते वर्तन होय.